देवाची इच्छा किती मायक्रॉनची?

आमच्या मशीन शॉपला सुट्टी सोमवारी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कामाला असलेल्या ख्रिस्ती माणसाची ही जुनी गोची आहे. रविवारी सकाळी मंडळी उपासनेला बसलेली असते, पाळकसाहेब शास्त्रपाठ वाचत असतात आणि मी पहिल्या पाळीत व्हीएमसीपुढे, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या मशीनपुढे उभा, अंगाला कूलंटचा वास. सोमवारी मी मोकळा, तर चर्चच्या दाराला कुलूप. रविवारी संध्याकाळी उपासना असली की जातो. प्रभुभोजनाचा रविवार असला की पाळी बदलून घेतो. ती बदलून देतो तो शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतला माझा दोस्त. गणपतीत मी त्याची पाळी काढतो, नाताळात तो माझी. हिशोब कुणी ठेवत नाही.

मंडळीतली तरुण पोरं कधी कधी काळजीने विचारतात, "अंकल, रविवार चुकतो, मग तुमचं आत्मिक जीवन कसं चालतं?" मी म्हणतो, सायकल टाइममध्ये चालतं. त्यांना वाटतं मी चेष्टा करतोय.

आमच्या मशीनवर सध्या एका पंपाचं हाऊसिंग चालतं. जॉब फिक्स्चरमध्ये बसवायचा, क्लॅम्प आवळायचे, दार ओढायचं, हिरवं बटण दाबायचं. पुढची सात-आठ मिनिटं मशीन त्याचं त्याचं काम करतं. तेवढ्यात मी आधीच्या जॉबची बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची खरखर काढतो, बोअर, म्हणजे आतलं गोल भोक तपासतो, ट्रेमध्ये ठेवतो आणि तरीही थोडा वेळ उरतो. लोक त्या वेळात मोबाइल काढतात. मीही काढतो, साधुसंत नाही. पण बटण दाबताना मात्र मनात एक वाक्य म्हणायची सवय लागली आहे. येशूच्या दाखल्यातल्या, मंदिरात मागे उभं राहून छाती बडवणाऱ्या त्या जकातदाराचं: हे देवा, मज पाप्यावर दया कर. एवढंच. मान वर करायचीही त्याची हिंमत नव्हती, आणि माझी मान तर कामामुळेच खाली असते. वाक्य म्हणताना काही झालं, अंगावर काटा आला, असं सांगण्यासारखं फारसं नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही. जॉब निघतो, दुसरा चढतो.

ही रीत आईकडून आली असावी. तिने कधी शिकवली नाही, मी नुसती बघत आलो. आई भाकऱ्या थापताना प्रार्थना करायची, एका भाकरीला एक नाव. पहिली थोरल्या काकांची, दुसरी मुंबईच्या आत्याची, मग आम्ही भावंडं, मग शेजारी, मग "तो बाजारातला पोरगा, दारू सोड म्हणावं". परातीवर हाताचा ठेका आणि ओठ हलत असायचे. माझ्या नावाची भाकरी जास्त करपते अशी माझी तक्रार होती. "तुझ्यासाठी वेळ जास्त लागतो," ती म्हणायची. आता तिचे गुडघे गेलेत, चुलीपुढचं बसणं बंद झालं आणि भाकऱ्या बायको करते. आई खुर्चीत बसून नावं घेते. नावांची यादी वाढली आहे, भाकऱ्या कमी झाल्या आहेत.

देवाच्या सान्निध्याबद्दल मंडळीत बोलणं निघालं की ते लगेच भावनेवर जातं. कुणाला शांती वाटली, कुणाला उबदार वाटलं, कुणी रडलं. मोठ्या सभांमध्ये कीबोर्ड वाजायला लागला की मलाही भरून येतं, नाही कशाला म्हणू. पण सान्निध्य जर भरून येण्यावर मोजायचं ठरलं, तर पहिल्या पाळीच्या माणसाचं कठीण आहे. मला असं वाटतं की तो असतोच. आपण कधी त्याच्या तोंडाकडे बघतो, कधी नुसतं शेजारी काम करतो. बायको आणि मी एका खोलीत तासभर काही न बोलता बसतो, तेव्हा ती तिथे नाही असं मला वाटत नाही.

सान्निध्याचं एक वेळ ठीक आहे. मला जास्त छळलं ते मार्गदर्शनाने.

आमच्या मंडळ्यांत 'पाचारण', म्हणजे सेवेसाठी देवाचं बोलावणं, हा मोठा शब्द आहे आणि कोल्हापुरात तर त्याच्या गोष्टी गल्लीगल्लीत आहेत. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये इथे आले, ते पाचारण झालं म्हणून. वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथेच, कोल्हापुरात जन्मला. पुढे अमेरिकेत शिकत असताना तो १८८६ च्या उन्हाळ्यात तिथले सुवार्तिक मूडी यांनी माउंट हर्मनला भरवलेल्या विद्यार्थ्यांच्या शिबिराला गेला. इकडे घरी त्याची बहीण ग्रेस प्रार्थना करत होती की परदेशी सेवेसाठी शंभर तरुण उभे राहावेत. शिबिर संपेपर्यंत नावं दिलेल्यांचा आकडा शंभरावर पोचला. त्यातूनच स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट ही विद्यार्थ्यांची मिशनरी चळवळ उभी राहिली आणि हजारो माणसं जगभर गेली. ग्रेस स्वतः भारतात येऊन काम करत राहिली. शब्बाथशाळेत ही गोष्ट ऐकताना मला अभिमान वाटायचा की हे आमच्या गावचं पोरगं.

पण अशा गोष्टींवर वाढलेल्या माणसाची एक पंचाईत होते. शंभर मागितले, शंभर मिळाले, असाच हिशोब तो देवाकडून आयुष्यभर अपेक्षितो. त्याला आकडा हवा असतो, खूण हवी असते. आणि त्याच्यापुढे येणारे प्रश्न कसे असतात? गॅस संपलाय, पोराची फी, आईची नी-रिप्लेसमेंट आता करायची की पावसाळ्यानंतर.

काही वर्षांपूर्वी मला चाकणच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. पगार इथल्यापेक्षा बराच जास्त, पीएफ, कॅन्टीन, बस. इथे मालक चांगला, पण शॉप लहान आणि ऑर्डरचं कधी तेजी, कधी मंदी. घरात आई, दोन पोरं, सदर बाजारातलं वडिलांनी बांधलेलं दोन खोल्यांचं घर. मी प्रार्थनेला लागलो. बायबलमधल्या गिदोनाने देवाकडे खूण मागायला रात्री खळ्यात लोकर ठेवली होती, सकाळी ती भिजते की कोरडी राहते ते बघायला; तशी मीही लोकर ठेवली म्हणा ना. बुधवारच्या आत त्यांचा फोन आला तर जायचं. फोन मंगळवारीच आला. मग वाटलं, एचआरवाला काय, फोन करणारच, त्याचं ते कामच आहे. म्हणून दुसरी लोकर: मालकाने आपणहून पगार वाढवला तर राहायचं. मालकाने दिवाळीला वाढवतो म्हणून सांगितलं. ही खूण धरायची की नाही? गिदोनाची गोष्ट पुन्हा वाचली तर त्यातही तेच. काय करायचं ते देवाने आधीच सांगितलं होतं. लोकर भिजली काय आणि कोरडी राहिली काय, त्याला नवीन काही कळलं नाही, फक्त धीर आला.

आमच्या गल्लीत एक मावशी राहायच्या, आता प्रभूकडे गेल्या. आयुष्यभर त्यांनी खेड्यापाड्यांत बायकांना वचन सांगत पायपीट केलेली. गुडघ्यांचं तेल मागायला आईकडे आल्या होत्या. मी त्यांना सगळी कथा सांगितली. मला वाटलं, आता त्या डोळे मिटतील आणि प्रभूने काय दाखवलं ते सांगतील. त्या म्हणाल्या, "तिकडं गेल्यावर आईचं कोण बघणार?"

मी म्हटलं, "बायको बघेल, मी महिन्यातून दोनदा येईन."

"बायकोला विचारलंस?"

"अजून नाही."

"मग देवाला कशापायी एवढं विचारतोयस? आधी तिला विचार की."

तेलाची बाटली घेऊन त्या गेल्या. नंतर बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट वाचताना त्यांची आठवण झाली. वारा, भूकंप, अग्नी आणि मग देवाची ती मंद वाणी, एवढ्यावरच आपण प्रवचनं थांबवतो. पण ती वाणी बोलते काय? ती विचारते, एलीया, तू इथे काय करतोस? डोंगरापर्यंत चाळीस दिवस चालून आलेल्या माणसाला उत्तर नाही मिळालं, प्रश्न मिळाला. आणि त्याच्याही आधी, तो झुडपाखाली मरण मागत पडलेला असताना, देवदूताने त्याला फक्त उठवून भाकर आणि पाणी दिलं. दोनदा. उपदेश नाही, काही नाही.

बायकोला विचारलं. ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "जा म्हणाल तर जा. राहा म्हणाल तर मला बरं वाटेल." आता ह्यात खूण कुठली शोधायची?

त्या दिवसांत एकदा मशीनवर बोअर तपासताना माझ्या मनात एक गोष्ट बसली ती अजून निघालेली नाही. ज्यांनी शॉप बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पंचवीस एच सेव्हनचा बोअर असला, म्हणजे पंचवीस मिलिमीटरचं भोक एच सेव्हन ह्या दर्जाच्या सुटीचं, की ड्रॉइंग काय म्हणतं? भोक २५.००० मिलिमीटरपासून २५.०२१ पर्यंत कितीही चालेल. एकवीस मायक्रॉनची सूट, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ते तपासायला प्लग गेज असतो, दोन टोकांचा. गो टोक भोकात गेलं पाहिजे. नो-गो टोक, ज्याला लाल पट्टा असतो, ते जाता कामा नये. गो गेलं, नो-गो अडलं, की जॉब पास. भोक नेमकं किती झालं, आठ मायक्रॉन की पंधरा, हे गेज सांगतच नाही. त्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. आणि कस्टमरलाही नाही. नवीन पोरगा शॉपला आला की त्याला हे पटत नाही. तो प्रत्येक जॉब बरोबर मधोमध आणायला बघतो, दर भोकाला ऑफसेट, म्हणजे हत्याराचं माप, बदलतो, आणि अशा नादात जॉब घालवतो.

मी देवाच्या इच्छेला एक बिंदू समजत होतो. चाकण किंवा कोल्हापूर, दोनातलं एक बरोबर, दुसरं रिजेक्ट. पण वचन बहुतेक ठिकाणी गेजसारखं वागतं. खोटं बोलायचं नाही, आईबापाला टाकायचं नाही, मजुराची मजुरी अडवायची नाही, हे नो-गो टोक. प्रीती, न्याय, नम्रपणाने चालणं, हे गो. ह्या दोन्हींच्या मध्ये जी जागा उरते ती त्याने आपल्यासाठी सोडलेली आहे, विसरलेली नाही. तिथे तो विचारतो, तुला काय वाटतं?

हे मी माझ्या मनाचं काढलं असं कुणाला वाटू नये म्हणून बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक पुन्हा काढून बसलो. सोळाव्या अध्यायात पौल आसियात जाऊ बघतो, आत्मा अडवतो. बिथुनियाला जाऊ बघतो, तिथेही अडवतो. दोनदा नो-गो, आणि कारण एकदाही सांगितलेलं नाही. मग त्रोवसात मासेदोनियाचा माणूस स्वप्नात येतो. आपल्याला स्वप्न तेवढं लक्षात राहतं. पण त्याआधी पौल देवाची वाट बघत बसून नव्हता, चालत होता, दारं ढकलत होता. आणि त्याच्या आधीच्या अध्यायात यरुशलेमची सभा पत्र लिहिते, त्यात एक मजेशीर बोलणं आहे: पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले. आत्म्याला, आणि आम्हालाही! कुठल्या कमिटीचं मिनिट बुक इतकं धीट असतं?

मी कोल्हापुरात राहिलो. खूण झाली नाही. आई आणि बायको, आणि खरं सांगायचं तर रंकाळ्यावरची संध्याकाळ, ह्यासाठी राहिलो. चाकणला गेलो असतो तरी पाप झालं नसतं, असं मला आज वाटतं. महिन्याच्या शेवटी पगाराचा मेसेज येतो तेव्हा चाकण आठवतंच. प्रभूने माझ्या निर्णयावर नंतर मोठा आशीर्वाद ओतला वगैरे साक्ष देता आली असती तर बरं झालं असतं. मालकाने दिवाळीला पगार वाढवला, पण थोडासाच.

साक्षीवरून आठवलं. ऑगस्ट २०१९ चा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. हायवे शिरोलीजवळ बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. पुढे उपासनेत साक्षी झाल्या: प्रभूने आमच्या घरात पाणी येऊ दिलं नाही. आमची गल्ली चढावर आहे, त्यामुळे पाणी आमच्याही घरात आलं नाही. पण अशी साक्ष द्यायला माझी जीभ वळली नाही. ज्यांच्या घरात आलं त्यांना प्रभू विसरला होता काय? उपकार मानावेत, जरूर मानावेत. पण शेजाऱ्याच्या चिखलाकडे बघून मानावेत.

त्या दिवसांत सकाळी कुंभार गल्लीतून दोस्ताचा फोन आला. "भावा, पाणी शिरतंय. हात लागतील तेवढे आण." मी आणि शॉपमधली तिघं-चौघं गेलो. गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी, आणि त्याच्या घरात भिंतीला भिंत लागून गणपती. २ सप्टेंबरला चतुर्थी, म्हणजे वर्षभराची सगळी मेहनत आणि उचललेलं कर्ज त्या खोलीत उभं होतं. काही रंगवलेले, काही कच्चे. आम्ही साखळी केली आणि मूर्ती माळ्यावर चढवायला लागलो. शाडूच्या खालच्या ओळीतल्या मूर्ती आमच्या डोळ्यांदेखत विरघळल्या. मोठ्या दोन-तीन हलायलाच तयार नव्हत्या, त्या तशाच सोडल्या. त्याची आई पायरीवर बसून एकेक मूर्ती मोजत होती आणि मधेच आकडा चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

हे मंडळीत कळलं. चर्चच्या कारभारातल्या एका वडिलांनी, वयाने आणि पदानेही वडील, मला बाजूला घेतलं. "मूर्ती उचलायला प्रभूने सांगितलं होतं का तुला?"

मी म्हटलं, "नाही. त्याने फोन केला होता."

त्यांना ते उत्तर उद्धट वाटलं, आणि थोडं होतंच. पण मी नंतर घरी बसून गेज लावून बघितला, खरंच. मी नमस्कार केला का? नाही. कुणी करायलाही सांगितलं नाही, माझा दोस्त मला ओळखतो. शेजाऱ्याचं घर बुडताना कोरड्यावर उभं राहून प्रार्थना केली असती, तर ते कुठल्या टोकाने पास झालं असतं? प्रभूने परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्यांना, विचारलं होतं, तुमचा बैल विहिरीत पडला तर शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, आहे म्हणून त्याला तसाच ठेवाल काय? त्यांना उत्तर देता आलं नाही असं लूक लिहितो. वडिलांना मी हे वचन दाखवलं नाही. ते मोठे आहेत, आणि त्यांच्या काळात बाप्तिस्मा घेतल्यावर माणसाला कशाकशाला तोडून यावं लागलं हे मला माहीत आहे. त्यांचं नो-गो टोक माझ्यापेक्षा कडक आहे, आणि ते का आहे ह्याला इतिहास आहे. आजही ते भेटले की मी सलाम करतो, ते घेतात, आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात.

एक मात्र मान्य करायला हवं. सूट आहे म्हटल्यावर माणूस आपली सोय बघून सूट वाढवतो. गेजही वापरून वापरून झिजतो, म्हणून तो कॅलिब्रेशनला, म्हणजे माप तपासून घ्यायला, पाठवावा लागतो. एकट्याने वचन वाचून एकट्याने पास करणाऱ्यावर माझा भरवसा कमी आहे, त्यात मीही आलो. म्हणून संध्याकाळची उपासना मी बुडवत नाही. पाळकसाहेबांचा उपदेश दर वेळी लागतोच असं नाही, पण शेजारी बसलेला माणूस 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडून, सूर सोडून, मोठ्याने गातो, त्याने माझ्यातली बरीच बर निघते.

ह्या वर्षी थोरली बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचंय. आईला आनंद, बायकोला काळजी, मला फीची. दोन कॉलेजांत नंबर लागण्यासारखा आहे, एक बंगळूरूला, एक मिरजेला. परवा रात्री फॉर्म पुढे घेऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, देवाची इच्छा कुठली आहे?" मी तिला गेज सांगितला, तिला तो लहानपणापासून तोंडपाठ आहे, तरी सांगितला. नर्सिंग कशासाठी करायचंय ते विचारलं. आईशी बोललीस का ते विचारलं. कर्ज किती काढावं लागेल ते दोन्हीकडचं कागदावर मांडलं. मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली, आजीची लांबली.

आमेन झाल्यावर पोरगी म्हणाली, "म्हणजे दोन्ही आत बसतंय?"

"बसतंय."

"मग मिरज. तिथली मेस बरी आहे म्हणे, आणि शनिवारी घरी येता येईल."

आजी म्हणाली, "शनिवारी नको, सोमवारी ये. बाप घरी असतो."